वास येत नाही

धाकट्या लेकीला जुळे झाले, ते वर्ष. दोन खोल्यांचे घर. एक पोर थांबले की दुसरे सुरू होई, आणि त्या रडारडीत घरातल्या कर्त्या माणसाच्या चेहऱ्याची डावी बाजू बधिर होत चालली आहे हे कुणाच्या लक्षातच आले नाही. एका सकाळी तो दाढी करून बाहेर आला, तर हनुवटीपासून गळ्यापर्यंत रक्ताची धार उतरलेली.

"अहो, कापलंय केवढं," बायको म्हणाली.

"कुठे?" असे म्हणून तो भलत्याच गालावर हात फिरवू लागला.

ही गोष्ट त्या बायकोची आहे. ती आणि तिचा नवरा एकाच कारखान्यात कामाला होते. तिथे पोलादी कड्या बनत. यंत्रातून निघालेल्या कड्या तेलाने माखलेल्या असत, आणि तेल पुरते निघाल्याशिवाय त्यांच्यावर चकाकीचा मुलामा धरत नसे. म्हणून मधे धुलाईखाते होते. नवरा धुलाईखात्यात, ती अगदी शेवटी, पॅकिंगच्या टेबलावर.

धुलाईखाते म्हणजे एक टाकी. पुरुषभर खोल, अर्धी जमिनीत, आत उतरायला लोखंडी शिडी. तळाशी सॉल्व्हंट तापत असे आणि त्याची वाफ टाकीत भरून राही. जाळीच्या टोपलीतून कड्या त्या वाफेत सोडल्या की तेल विरघळून खाली जाई. पाणी नको, साबण नको, घासणे नको. कड्या कोरड्या ठणठणीत वर येत. सॉल्व्हंट दिसायला पाण्यासारखे आणि वासाला गोडसर. वापरून वापरून थकले की त्याला आंबूस वास सुटे. ते कधी थकले हे सांगणारे यंत्र कारखान्यात नव्हते. सांगणारा माणूस होता.

रोज सकाळी तो टाकीच्या काठावर वाके, डोळे मिटून एक लांब श्वास आत ओढी आणि सॉल्व्हंट किती टिकेल ते सांगे. एखाद्या दिवशी म्हणे, "अजून तीन दिवस," आणि मग चौथ्या दिवशी सॉल्व्हंट बदलत. एकोणीस वर्षांत त्याचा अंदाज चुकला नव्हता. टाकीच्या काठाशी त्याच्यासाठी एक उंच स्टूल होते, त्यावर दुसरे कुणी बसत नसे. फोरमन त्याला 'नाकराव' म्हणू लागला, मग सगळेच म्हणू लागले. पाहुणे आले की फोरमन त्यांना मुद्दाम टाकीपाशी आणी. "आमच्याकडे मीटर नाही, आमच्याकडे नाकराव आहेत." पाहुणे हसत. नाकरावही हसत, आणि घरी आल्यावर बायकोला हे पहिल्यांदाच घडल्यासारखे सांगत.

सुटीचा भोंगा झाला की धुलाईखात्यातली माणसे बादलीतल्या सॉल्व्हंटनेच हात धूत. साबणाला दाद न देणारी काजळी एका बुडीत निघे. नाकरावांचे हात पांढरेफटक पडले होते, बोटांना भेगा होत्या, पण कारखान्यातले सगळ्यांत स्वच्छ हात आपले, असे ते सांगत. लेक मात्र बाळ त्यांच्याकडे देईना.

"बाबा, तुम्ही घेतलंत की दोघंही खोकतात. हाताला लावता तरी काय?"

"लावत नाही गं, काढतो," ते म्हणाले, पण त्या दिवसापासून त्यांनी पोरांना लांबूनच पाहिले.

पुढे त्यांनाही खोकला लागला. दुकानातून खोकल्याच्या औषधाची बाटली आणली, दोन चमचे घेतले आणि कामावर गेले. तासाभरात चेहरा, मान, छाती लालभडक झाली, चट्टे उमटले, डोळे तांबारले, चालताना पाय लटपटू लागले. कुणीतरी फोरमनला बोलावले. तो चार हातांवर उभा राहिला आणि तिथूनच त्याने त्यांना न्याहाळले.

"नाकराव, तुम्हीसुद्धा?"

"साहेब, मी थेंबाला शिवत नाही. औषध घेतलंय."

"सगळे औषधच म्हणतात त्याला," फोरमन म्हणाला, आणि रजिस्टरात त्याने शेरा मारला: कामावर दारू पिऊन आढळला.

त्यानंतर नाकराव कामावर गेलेच नाहीत. आधी डोळे पिवळे झाले, मग पोट फुगले. सरकारी दवाखान्यात दाखल केले. यकृत गेले म्हणाले. पहिल्या डॉक्टरने विचारले, "रोज किती पिता?" दुसऱ्याने विचारले, "कधीपासून पिता?" कारखान्याकडे आजाराचा दाखला मागितला, तर एक ओळीचे पत्र आले: सदर कामगारास मद्यपानाची सवय असल्याची नोंद आहे. पॅकिंगच्या बायका तिला पाहून बोलणे तोडू लागल्या. शेजारीण म्हणाली, "असू दे हो, घरोघरी असतं." हे सगळे तिने गिळले. पण एका संध्याकाळी लेकीने पोराला थोपटता थोपटता, मान वर न करता विचारले, "आई, खरंच घेत होते का गं बाबा?" ते मात्र तिला गिळता आले नाही.

दुसऱ्या दिवशी ती फोरमनच्या काचेच्या खोलीत गेली.

"तो शेरा खोडा."

"वहिनी, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"तोंडाचा वास घेतलात?"

फोरमनने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "तोंड लाल झालं होतं. आणखी काय पाहायचं?"

"ते पीत नाहीत. एकोणीस वर्षं तुम्ही ओळखता त्यांना."

"नोंद खोडता येत नसते. आणि खोडली तर उद्या कुणी विचारेल, मग हा आजार आला कशाने?"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. पण तिला जे कळायचे ते कळले. या माणसाला तो शेरा हवा होता. एकोणीस वर्षे टाकीच्या तोंडाशी बसवलेल्या माणसाचे यकृत टाकीने खाल्ले असे कागदावर येण्यापेक्षा दारूने खाल्ले असे आलेले बरे. ती वळली. काचेचे दार हलकेच लावून घेऊन बाहेर आली. त्या क्षणापासून तिने एकच गोष्ट मनात धरली: याला धुळीला मिळवायचे.

दवाखान्यात त्या वॉर्डावर एक सिस्टर होती. निवृत्तीला आलेली, आवाज खणखणीत, रोगी असो की डॉक्टर, सगळ्यांना सारखेच झापणारी. तिने एक दिवस ताप पाहता पाहता विचारले, "काम काय करतात हे?"

"कारखान्यात आहेत."

"अगं बाई, मीही दवाखान्यात आहे, आणि रोग्यांची भांडीसुद्धा मीच उचलते. कारखान्यात म्हणजे नेमकं काय?"

मग तिने सगळे सांगितले. टाकी, वास, हात धुण्याची बादली, बधिर गाल, खोकल्याचे औषध, लाल झालेला चेहरा. सिस्टरने हातातले काम बाजूला ठेवले.

"दोन चमच्यांनी चेहरा लाल झाला? पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितले.

"त्या औषधात नावाला अल्कोहोल असतो. तुझ्यामाझ्या पोटात कळतसुद्धा नाही. पण या सॉल्व्हंटवर राबणाऱ्यांचं शरीर ते विष निस्तरण्यातच इतकं गुंतलेलं असतं की तेवढाही झेपत नाही, आणि अंगावर असे लाल चट्टे उठतात. मी आधी एका कारखान्याच्या दवाखान्यात होते, तिथे पाहिलंय. तुझ्या फोरमनने जे पाहिलं ना, ते दारूचं लक्षण नव्हतं. विषाचं होतं. गाल बधिर होणं त्यातलंच, यकृत जाणं त्यातलंच. आणि एक ऐकून ठेव. हे विष बहुतेकांचं आधी नाकच मारतं, कुणाचं वर्षांनी, कुणाचं आठवड्यांत. नाक मेलं की वास संपतो, विष संपत नाही. हवेपेक्षा जड असतं ते, खोलगट जागेत पाण्यासारखं साचून राहतं."

"म्हणजे ज्याने मारलं, त्यानेच दारुडा ठरवलं."

"तक्रार लिही. कारखाना निरीक्षकाकडे दे. जे पाहिलं ते मी सांगेन."

"कागदाने काय होतं, सिस्टर? तो काचेच्या खोलीत बसून हसेल."

"मग काय करणार आहेस?"

तिचे ठरले होते.

त्या आठवड्यात तिने फोरमनकडे नवऱ्याचे स्टूल मागितले. म्हणाली, इतकी वर्षे घरात त्याच वासाच्या गोष्टी ऐकल्यात, गोडसर कधी आणि आंबूस कधी हे मला झोपेतही कळेल. फोरमनला हायसे वाटले. नाकराव दवाखान्यात गेल्यापासून सॉल्व्हंट कधी लवकर तर कधी उशिरा बदलले जात होते. "नाक घरातल्या घरातच राहिलं म्हणायचं," तो म्हणाला. ती हसली. तिला तसे हसता येते हे तिलाही तोवर ठाऊक नव्हते.

डाव साधा होता. सॉल्व्हंट दहा-बारा दिवस टिके. त्यापुढे वापरले तर कड्यांवर तेलाचा डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा राहून जाई, आणि मुलामा आठवड्याभरात सोलून निघे. तिने एवढेच करायचे, की सॉल्व्हंट थकले तरी थकले म्हणून सांगायचे नाही.

बाराव्या दिवशी तिने काठावर वाकून श्वास ओढला. आंबूस वास नाकात सुईसारखा घुसला. "चांगलं आहे," ती म्हणाली. पंधराव्या दिवशी म्हणाली, "अजून चार दिवस जाईल." फोरमन खूश. जुने सॉल्व्हंट मागच्या भिंतीपलीकडच्या खड्ड्यात ओतायला लागायचे. त्या खड्ड्याभोवती गवताची काडी उगवत नव्हती, आणि तिथून चाळीस पावलांवर ज्या हातपंपाचे पाणी सगळे पीत, त्या पाण्यालाही अलीकडे गोडसर चव लागते असे लोक म्हणू लागले होते. जितके कमी ओतावे लागेल तितके बरे, असे त्याला वाटत होते.

चौथ्या आठवड्यात कड्या परत येऊ लागल्या. खोकीच्या खोकी. मुलामा सापाच्या कातीसारखा सुटलेला. काचेच्या खोलीतला फोन वाजायचा थांबेना. फोरमन उभ्याने बोले, मग वाकून बोले, मग नुसते "हो साहेब, हो साहेब" करी. ती स्टुलावरून पाही. तिच्या काळजाला थंडावा मिळे. रोज संध्याकाळी ती दवाखान्यात जाई आणि नवऱ्याचे पाय चेपता चेपता मनातल्या मनात त्याला सांगे, आज त्याला इतके फोन आले.

पण नाकराव पडल्या पडल्या टाकीचीच चौकशी करीत.

"कितव्या दिवशी बदललंस?"

"झोपा तुम्ही."

"सांग तरी."

"नाही बदललं अजून. तेविसावा चालू आहे."

नाकरावांनी बोटांवर दिवस मोजले. "तेविसाव्याला ते आंबून गेलेलं असतं. तुला कळलं नाही असं होणार नाही." मग त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "तू मुद्दाम करतेस."

"हो, करते."

"अगं, कड्या खराब जातील."

"कड्या? तुम्हाला त्यांनी दारुडा केलं आणि तुम्हाला कड्यांची पडलीय?"

"एकोणीस वर्षांत माझी एक कडी परत आली नाही," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. ती उठून बाहेर गेली. व्हरांड्यात उभी राहून तिने ठरवले, आता तर मुळीच थांबायचे नाही.

कड्या नीट धुतल्या जाईनात म्हणून फोरमनने टाकीखालची आच वाढवली. वाफ काठाबाहेर सांडू लागली. धुलाईखात्याला लागूनच पॅकिंगची टेबले होती. आधी बायकांची डोकी दुखू लागली. मग एकीला उलट्या झाल्या. तिथे जाड भिंगांच्या चष्म्याची एक तरुण मुलगी कामाला होती, सगळे तिला चष्मेवाली म्हणत. ती सगळ्यांना हसवायची. स्टुलापाशी येऊन म्हणायची, "मावशी, तुमच्या टाकीत कसलं अत्तर घातलंय हो? घरी जाते तर मांजर माझ्याजवळ येत नाही." एक दिवस तीच चष्मेवाली खोके उचलता उचलता खाली बसली ती उठेचना. तिला धरून बाहेर नेले. जाताना ती पुटपुटत होती, "काही नाही, भोवंडलं जरा."

संध्याकाळी ही हकिकत सिस्टरच्या कानावर गेली. तिने नाकरावांच्या बायकोला औषधांच्या खोलीत नेले आणि दार लावून घेतले.

"खरं सांग. तू काय करते आहेस तिथे?"

तिने सांगितले. सांगताना तिचा आवाज कापला नाही. उलट जरा चढलाच.

"तुझा फोरमन बसतो कुठे?" सिस्टरने विचारले.

"काचेच्या खोलीत."

"मग ती वाफ कुणाच्या नाकात जाते? त्याच्या, की त्या पोरीच्या?"

"त्याची नोकरी जाईल आता. दोनतीन दिवसांचा प्रश्न आहे."

"जाईल. आणि दुसरा येऊन त्याच खुर्चीत बसेल. टाकी तीच, खड्डा तोच, पंपाचं पाणी तेच. तुझ्या नवऱ्याच्या जागी आता तू बसली आहेस, उद्या तिथे ती पोर बसेल. माणूस पाडून काय मिळवलंस? सूड घ्यायचाय ना, मग त्या टाकीचा घे."

"माझ्या नवऱ्याला त्याने नावं ठेवली, सिस्टर. टाकीने नाही."

"ते खरं आहे," सिस्टर म्हणाली. "म्हणून मी तुला शहाणपण शिकवत नाही. तू कुणाला विष पाजते आहेस, एवढंच दाखवते आहे."

ती घरी आली. पोरे रडत होती, लेक त्यांना घेऊन येरझाऱ्या घालत होती. तिने ठरवले, उद्या जाऊन सांगायचे, सॉल्व्हंट संपले, बदला. फोरमनची दया आली म्हणून नव्हे. चष्मेवालीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता म्हणून.

सकाळी ती पोचली तर टाकी रिकामी होती. वरून हुकूम आला होता, की दोष कुठे आहे तो संध्याकाळपर्यंत शोधा, नाहीतर फोरमनने उद्या येऊ नये. त्याने आदल्या रात्रीच सॉल्व्हंट मागच्या खड्ड्यात ओतवले होते. तळाशी काळा चिकट गाळ बसला होता. टाकी साफ करणारे दोघे 'आमचं डोकं धरलंय' म्हणून आत उतरायला तयार नव्हते. फोरमन बाह्या सरसावून काठावर उभा होता, हातात खरवडायचा पत्रा. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. तिला पाहून तो बाजूला झाला.

"वहिनी, बरं झालं आलात. मीच उतरतोय. तुमचं नाक काय म्हणतं? वाफ गेली का? उतरू ना?"

ती काठावर वाकली आणि लांब श्वास ओढला.

तिला कसलाच वास आला नाही. गोडसर नाही, आंबूस नाही. गाळाचासुद्धा नाही. पुन्हा ओढला. काहीच नाही. त्या क्षणी तिला कळले, की पाच आठवड्यांत आपलेही नाक मेले. आणि सिस्टरचे शब्दही तिला लख्ख आठवले: वास संपतो, विष संपत नाही, खोलगट जागेत पाण्यासारखे साचून राहते. खाली आच नव्हती, टाकी शांत होती, आणि तळाशी ते साचलेले होते.

फोरमन वाट पाहत होता. तिने त्याच्याकडे पाहिले. हाच तो माणूस, चार हातांवरून पाहून ज्याने शेरा मारला. तिला खोटे बोलायचीही गरज नव्हती.

"वास येत नाही," ती म्हणाली.

फोरमन शिडीवरून उतरला. एक पायरी, दोन, तीन. तळाला पोचला, खाली बसला, पत्रा गाळात घातला. ती मनातल्या मनात आकडे मोजू लागली. चारला त्याने मान झटकली. सहाला तो उठायला गेला आणि त्याचा हात शिडीऐवजी हवेतच फिरला. सातला गुडघ्यांवर आला. आठला तोंडघशी पडला. ती काठावर तशीच उभी. नऊ.

"साहेब पडले!" चष्मेवाली टेबलावरून धावत आली आणि तिने सरळ शिडीवर पाय टाकला.

हिने तिची वेणी धरली. दोन्ही हातांनी धरली आणि मागे ओढली. चष्मा उडून फरशीवर फुटला.

"सोडा मावशी, मरतील ते!"

"तूही मरशील! आत कुणी जायचं नाही! कुणीच नाही!"

तो आवाज आपला आहे हे तिचे तिलाच उशिरा कळले. मग तिचे हात आपोआप चालू लागले. टोपली उचलायचा लांब दांड्याचा आकडा तिने ओढून घेतला, काठावर पालथी पडली, श्वास रोखून आकडा खाली सोडला. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा फोरमनच्या कमरपट्ट्यात अडकला. "साखळी," ती ओरडली. टाकी साफ करणारे दोघे कप्पीकडे धावले, साखळी आकड्याला जोडली, ओढू लागले. कड्यांची टोपली वर यावी तसा फोरमन हळूहळू वर आला, ओठ निळे पडलेले, हातात पत्रा अजून घट्ट धरलेला. त्याला उघड्यावर नेऊन निजवले. मग कुठे त्याने एक खोल श्वास घेतला.

चष्मेवाली धावली नसती तर आपण कितीपर्यंत मोजत राहिलो असतो, हा प्रश्न तिने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारला. त्याचे उत्तर तिला कधी मिळाले नाही.

फोरमनला त्याच दवाखान्यात आणले. नाकरावांच्या वॉर्डापासून दोन दारे सोडून. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला तेव्हा ती त्याच्यासमोर गेली. सिस्टर दाराशी उभी होती.

"तुमच्या कड्या माझ्यामुळे परत आल्या," ती म्हणाली. "सॉल्व्हंट संपलं होतं, मी चांगलं म्हणत राहिले. आणि टाकीत विष असणार हे मला माहीत होतं, तरी मी तुम्हाला उतरू दिलं. पोलिसात द्यायचं तर द्या."

फोरमन उशीला टेकला. "वर कुणी काढलं?"

"मीच."

"का?"

"ती पोर आत निघाली होती."

तो हसल्यासारखा झाला. मग चादरीशी चाळा करत, खालच्या आवाजात म्हणाला, "फोरमन होण्याआधी मी बारा वर्षं त्याच टाकीवर होतो. माझं नाक तिथेच गेलं. दूध नासलं तरी मला कळत नाही. म्हणून तर मला नाकराव लागत होते. त्या दिवशी तोंडाचा वास घेतला का म्हणून तुम्ही विचारलंत. घेतला असता तरी मला काय कळणार होतं, वहिनी? फोरमनला वास येत नाही हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं."

"म्हणजे टाकीने काय होतं हे तुम्हाला ठाऊक होतं."

"नाकाचं ठाऊक होतं. बाकीचं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझीही पाळी येणार हे कळलं असतं."

तिला त्याची दया आली नाही. रागही पुरता गेला नाही. पण तो राग आता या खाटेवर मावत नव्हता. तिला टाकी दिसत होती, टाकीच्या आधीची माणसे दिसत होती आणि नंतरची.

"रजिस्टर मागवा," ती म्हणाली.

रजिस्टर आले. फोरमनने आपल्या हाताने दारूच्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले, की हा कामगार दारू पीत नव्हता, त्याचा आजार धुलाईखात्यातल्या सॉल्व्हंटमुळे झाला असे माझे मत आहे, आणि आधीचा शेरा मी खात्री न करता मारला. सही केली. सिस्टरने साक्षीदार म्हणून सही केली. तिने ते पान नवऱ्याच्या खाटेशी नेऊन वाचून दाखवले. शेवटी लेकीनेही वाचले आणि खाटेच्या कडेला बसून बाबांचा पांढरा, भेगाळलेला हात आपल्या मांडीवर घेतला. नाकराव म्हणाले, "टाकीत उतरण्याआधी हवा सोडायची असते. कुणी सांगितलं नाही का त्याला?"

मग तिने तक्रार लिहिली. तीत आपला खोटेपणाही लिहिला, कारण तो वगळला असता तर उरलेल्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. तिची नोकरी गेली. फोरमनने निरीक्षकासमोर सगळे खरे सांगितले, त्याचीही गेली. पण टाकी गेली. तिच्या जागी गरम पाण्यावर आणि क्षारांवर चालणारे, झाकणबंद धुलाईयंत्र आले. हात धुण्याची बादली काढली. मागचा खड्डा उकरून ती माती बंद पिंपांतून नेली, हातपंप मोहोरबंद केला आणि लांबून स्वच्छ पाणी आणले. धुलाईखात्यातल्या आणि पॅकिंगच्या सगळ्यांचे रक्त तपासले. चष्मेवालीच्या यकृताचे दुखणे वेळेवर सापडले, ते सुधारले.

ज्यांच्या हातून रोज असली रसायने जातात त्या सगळ्यांना हे सांगणे आहे. घरात डाग काढायला बाटलीतून आणता, छपाईच्या यंत्रावर चिंधीने पुसता, गाडीच्या सुट्या भागांवर ओतता, आणि वास गेला की धोका गेला असे समजता. वास हे माप नव्हे. झाकण ठेवा, हवा खेळती ठेवा, उघड्या हाताने शिवू नका, उरलेले मातीत ओतू नका, आणि बंद टाकीत पडलेल्या माणसामागे कधी उडी घेऊ नका. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. कामात शरीर झिजवणे ही बहादुरी आहे असे जो सांगतो, त्याला विचारा की मीटर का नाही. आणि ज्याला या गोष्टींचा राग येतो त्याने तो राग जपून ठेवावा, पण माणसावर खर्च करू नये. माणसे बदलतात, टाकी तिथेच राहते. टाकी जाईपर्यंत तो पुरवावा.

नाकराव त्याच वर्षी गेले, टाकी उचलून नेल्यानंतर अकराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी. फोरमन त्यानंतर सहा वर्षांनी, ऐन थंडीत गेला. त्याचेही यकृतच होते.